सरजाबाईंचा नंबर

सरजाबाईंनी टोपलीवरचा कपडा जरा सारला, कबऱ्या मांजरीच्या कानामागची पिसू चिमटीत धरली आणि नखावर चिरडली. अर्धापूरच्या गुरांच्या दवाखान्यात बाकावर बसून त्यांना तासभर झाला होता. आत टेबलापाशी उभी असलेली डॉक्टर त्यांचीच मुलगी, धम्मप्रिया. रुजू होऊन तिला तीनच आठवडे झाले होते. रविवारी घरी आल्यावर मांजर बघते, असं ती म्हणाली होती. पण सरजाबाईंना मांजरीपेक्षा लेकीचं काम बघायचं होतं. मुदखेडहून त्या पहिल्या गाडीनं आल्या, आणि मी तुझी आई हाय हे कुणाला सांगू नको, असं फोनवर बजावूनच आल्या. केळीच्या बागेत रोजानं जाणारी आई दिसली, तर लोक पोरीला हलक्यात घेतील असं त्यांना वाटे.

तेवढ्यात एक गृहस्थ घाईनं आत शिरले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात टॉवेलात गुंडाळलेलं पांढरं मांजर. मांजराचं अंग सारखं झटके देत होतं, तोंडातून लाळ गळत होती.

"डॉक्टरसाहेब कुठं हायेत?"

"मीच डॉक्टर. काय झालं?"

गृहस्थांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. भुसार दुकानदार गुरुलिंगअप्पा ते.

"मोठे साहेब न्हाईत का?"

"न्हाईत. मांजराला काही लावलं होतं का?"

"पिसवा लई झाल्या होत्या. घरात कुत्र्याचं औषध होतं, तेच काल संध्याकाळी मानेवर सोडलं."

"टेबलावर ठेवा. कुत्र्याला चालणारं ते औषध मांजराला विष होतं."

शिपाई लसीकरणासाठी खेड्यावर गेला होता. अप्पांना टेबलावरचं मांजर धरता येईना. सरजाबाई उठल्या, टोपली बाकाखाली सरकवली आणि पदर खोचला. धम्मप्रियानं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं.

"मान धरा. पण दाबू नका."

"हाव, डॉक्टर."

धम्मप्रियानं आधी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन तिनं मांजराची मान, पाठ धुतली, पुन्हा धुतली. तिचं बोट कुठंही अडखळलं नाही. सरजाबाई मांजर धरून होत्या, पण बघत होत्या त्या बोटांकडं.

दीड तासानं थरथर उतरली. कोरड्या चादरीतून मांजरानं डोकं वर काढलं आणि अप्पांचा आवाज आला तिकडं कान वळवला. अप्पा स्टूल ओढून बसले.

"आज इथंच राहू द्या, उद्याही बघावं लागेल," धम्मप्रिया म्हणाली. "पुढं पिसवांसाठी मांजराचंच औषध न्यायचं, वजन करून. आणि ते झोपतं ते अंथरूण गरम पाण्यात धुवा. पिसवांची अंडी तिथंच असतात."

"हाव, मॅडम." अप्पा सरजाबाईंकडं वळले. "बाई, तुमचा हात लई थिर हाय. दवाखान्यातल्याच का तुम्ही?"

सरजाबाई पदराला हात पुसत राहिल्या.

"न्हाई. मांजर दाखवायला आले."

"माझी आई हाय," धम्मप्रिया म्हणाली. केसपेपरवर लिहिता लिहिताच, मान वर न करता. "केळीच्या बागेत काम करून शिकवलं तिनं मला."

अप्पा स्टुलावरून उठले आणि त्यांनी सरजाबाईंना हात जोडले. सरजाबाईंनी खोचलेला पदर सोडला, खांद्यावर नीट घेतला आणि मग हात जोडले.

"आण आई, आता आपली मांजर."

बाकावर सरजाबाईंच्या आधीपासून एक म्हातारी मांडीवर करडू घेऊन बसली होती. सरजाबाईंनी तिच्याकडं बोट केलं.

"आधी यांचा नंबर हाय, डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.