दुहेरी अस्तर

हेडमास्तर दुकानात आले तेव्हा म्हातारा टेलर मागच्या खोलीत काजं करत बसला होता. पुढे यायची त्याला बंदी होती. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार झाले होते. डॉक्टरांनी तांदळाच्या दाण्याहून लहान किरणोत्सारी कुप्या सुईने थेट त्या ग्रंथीत बसवल्या होत्या. त्यांचे किरण जवळच्या जवळ काम करतात आणि हळूहळू विझतात. "दोन महिने नातीला मांडीवर घेऊ नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरच्यांनी त्या दोन महिन्यांची जन्मठेप केली. त्याचं ताट वेगळं, कपडे वाळत घालायची दोरी वेगळी, आणि विचारणाऱ्याला एकच थाप: बाबा लेकीकडे गेलेत.

"या वेळी काळं कापड आणलंय," हेडमास्तर टेलरच्या मुलाला म्हणाले. "पुढून अस्तर दुहेरी लाव."

"सर, तुम्ही तर जन्मभर पांढरी पँट घातलीत!"

"माप घे. चौकशा नकोत."

माप अर्धं होईपर्यंत ते दोनदा बाहेर लघवीला जाऊन आले.

म्हाताऱ्याची सुई थांबली. दोन वर्षांपूर्वी त्यानेही स्वतःसाठी अशीच पँट शिवली होती. काळी, दुहेरी अस्तराची. ओल दिसू नये म्हणून. त्या लाजेपायी एक अख्खं वर्ष वाया गेलं होतं.

तो पडदा सारून बाहेर आला.

"बाबा, आत व्हा!" मुलगा दातओठ खात म्हणाला.

"मास्तर, काळ्या कापडानं दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. तपासून घ्या. बहुतेकांचं साधंच निघतं. माझा कॅन्सर निघाला. आत दाणे बसवलेत, म्हणून उभा आहे."

हेडमास्तर दोन पावलं मागे सरले. "लाज नाही वाटत? भर दुकानात असल्या जागेच्या गोष्टी! आणि हा माणूस गिऱ्हाइकांच्या कपड्यांना हात लावतो?"

कापड उचलून ते तरातरा पायऱ्या उतरले.

"झालं समाधान?" आतून सून कडाडली. "आता कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही इथं!"

"कुत्र्याला पँट लागत नाही, सूनबाई."

म्हाताऱ्याने आपलं मशीन ओढत ओढत दारापर्यंत आणलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

"लोक विचारतील, बाबा!"

"त्यासाठीच बसलोय."

समोर हेडमास्तर कापड काखोटीला मारून घाईघाईने भिंतीच्या आडोशाला वळत होते. तिसऱ्यांदा. पलीकडच्या गल्लीत दुसरा टेलर आहे. तो काळं कापड शिवून देतो, आणि काही बोलत नाही.