मासळीच्या पेटीचं विमान

"फुला, बांधावर बस म्हटलं ना!" मी ओरडले.

पाच वर्षांची माझी फुला भात कापलेल्या खाचरातून विमानामागं धावत होती. विमान कसलं, मासळीच्या पेटीचा थर्माकोल. अजून बांगड्याचा वास यायचा. मोटार आणि रिमोट बेळगावहून मागवलेले. बाकीचं आमचे हे, फुलाचे पप्पा, मोबाईलवर बघून शिकले, तेही नेटवर्कसाठी टेकडी चढून. दोन महिन्यांत पाच विमानं मोडली.

"माबळेश्वरा, डुकरं हाकायला हाय काय रं ह्ये?" शेजारचे झिलूकाका बांधावरून हसले.

"व्हय काका. तुमच्यापास्नंच सुरू करतो," हे म्हणाले.

मला हसू आलं नाही. विमान समोरून आलं की रिमोटचं डावं-उजवं उलटं होतं, हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. यांनी त्यावर युक्ती काढली होती. जो पंख झुकेल, त्याच बाजूला रिमोटची काडी ढकलायची, पंखाला टेकू दिल्यासारखी.

विमान वळून आमच्याकडं आलं. डावीकडचा पंख झुकला. खाली फुला. मी विमानाकडं नाही, यांच्या हाताकडं बघत होते. पावसाळ्यात यांच्या हातातली कपबशी वाजू लागली, तेव्हापासून तेच बघते. अंगठा काडीवर होता.

हलला नाही.

फुलाच्या डोक्यावरून वीतभर अंतरानं विमान गेलं आणि चिखलात रुतलं. ती टाळ्या पिटायला लागली.

"उलटं झालं," हे म्हणाले. "समोरून येताना फसतं."

"न्हाई. अंगठा हललाच न्हाई तुमचा."

झिलूकाकांचं हसू थांबलं. रोज सकाळी हे आमच्या गुंद गावची अकरा पोरं जीपमध्ये घालून घाटातून शाळेला नेतात. त्यात एक फुला.

"कधीपास्नं हाय?" मी विचारलं.

"इमान उडवायला कशाला शिकलो वाटतंय तुला?" यांनी अंगठा दुसऱ्या मुठीत धरला. "रोज हलवला तर सुधारंल म्हटलं."

दुसऱ्या दिवशी यांनी नेहमीसारखी जीपची काच पुसली. पोरं जमल्यावर किल्ली झिलूकाकांच्या हातावर ठेवली. काकांनी लाकूड वाहणारा ट्रक चालवण्यात जन्म काढलेला. ते स्टेअरिंगवर बसले.

हे मागं, दप्तरांच्या गर्दीत. मी शेजारी.

"पप्पा, तू हितं का?" फुलानं विचारलं.

"तुझ्याजवळ बसावं म्हटलं."

घाट सुरू झाला. प्रत्येक वळणाच्या आधी यांचा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर घट्ट दाबला जात होता.