उरलेला माल

उरलेलं काही टाकायचं नाही, हा आमच्या घरी नवऱ्याचा कायदा. कालची भाजी आजच्या भाजीत ढकलतात आणि वर मलाच विचारतात, "कळलं का काही?"

हेच गृहस्थ रस्त्याकडेचे काँक्रीटचे कठडे ओततात आणि मी क्रेनने ते जागेवर बसवते. कठडा तीन मीटर लांब, खाली साठ सेंटिमीटर रुंद, वर पंधरा. साचा उलटा असतो. त्यात लाकडी पेटी ठेवून कठड्याचं पोट खालून पोकळ राखायचं. म्हणजे अर्धा घनमीटर काँक्रीट, वजन सव्वा टन. पेटी न ठेवता ओतला तर पावणेदोन टन, आणि जमिनीवर ठेवला की बाहेरून फरक काडीचा दिसत नाही. माझ्या क्रेनचा हात पूर्ण लांबवला की ती दीड टन पेलते.

वळणावर, दरीच्या कडेला, एक जागा उरली होती. मी हात लांबवत नेला. बसवलेला कठडा आणि दरी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत उभे राहून हे दोरीने वरचा कठडा वळवत होते. त्यांनी सहज वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

तेवढ्यात भोंगा वाजला. क्रेनचा मागचा पाय जमिनीवरून सुटला.

वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला, "अगं, हा भरीव आहे!"

"बाजूला व्हा!"

"कुठे होऊ? मागे दरी आहे."

खाली सोडावा तर यांच्या डोक्यावर. हात आत घ्यायचा, तोही सावकाश. घाई केली की कठडा झोका घेणार आणि झोक्याच्या वाटेत माझा माणूस. मी इतकी घाबरले होते की दात वाजत होते, हात मात्र शहाण्यासारखे चालले. इंच इंच करत कठडा रस्त्यावर आला. मागचा पाय टेकला. मी कठडा उतरवला आणि मग रडले.

हे केबिनपाशी आले. मान खाली.

"गाडीत माल उरला होता. फेकवेना. पेटी काढली आणि ओतला."

"जीव गेला असता तुमचा! असे किती भरलेत?"

त्यांनी ट्रकवरच्या कठड्यांकडे पाहिलं. सगळे सारखेच.

"दोन. नाही... तीन असतील."

मी क्रेनची किल्ली काढून खिशात टाकली.