काळूरामच्या पेटीवरचं कुलूप

मित्रांनो, मी लोखंडी कुलूप आहे. तळहाताएवढं, सात लिव्हरचं, वयाने एकोणीस वर्षांचं. माझी कडी कापलेली आहे, पोट उघडलेलं आहे आणि गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे: मुद्देमाल क्रमांक चार. मला पाहून तुम्हाला दया येईल. ती येऊ देऊ नका. जे झालं ते मी ठरवून केलं. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा करीन.

माझा जन्म अलीगढचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मांडीवर घेऊन माझ्या पोटात सात पितळी पट्ट्या बसवल्या. त्यांनाच लिव्हर म्हणतात. चावीचा प्रत्येक दात आपापली पट्टी बरोबर हवी तेवढीच उचलतो, तेव्हा कडी सुटते. पितळ मऊ असतं. परकी तार आत शिरली तर त्यावर ओरखडा उमटतो आणि तो कायमचा राहतो. माझ्या पट्ट्या आजही कोऱ्या आहेत. या एकाच गोष्टीचा मला गर्व आहे.

अलिबागच्या हार्डवेअरच्या दुकानातून मला काळूराम शेठने आणलं. रेवदंडा आणि मुरुड यांच्या मधल्या एका लहान बंदरात त्याच्या मच्छीमारीच्या तीन बोटी आहेत. जेटीला लागून त्याची जाळ्यांची खोली आहे. तिच्या दारावर मी लागलो. मी परमुलखातला, पण तू कुठला, कागद दाखव, असं मला कुणी विचारलं नाही. एका वर्षी बंदरातल्या चार खोल्या फुटल्या. माझी फुटली नाही. काळूराम मला थोपटत लोकांना सांगे, "ह्यो माझा सख्खा भाव हाय." मित्रांनो, तेव्हा मी या माणसासाठी काहीही केलं असतं.

काळूरामच्या बोटींवर तेवीस नेपाळी खलाशी. गाव त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतं, बहादूर. त्यांतला सर्वांत जुना हर्कमान, सुर्खेतचा. अकरा वर्षं इथे आहे. बायको आणि चौथीतली मुलगी यांच्यासह तो गोदूआजीच्या नारळाच्या वाडीत खोली घेऊन राहतो. बाकीचे पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की गावी जातात. हर्कमान इथेच जाळी विणतो.

आता काळूरामची एक रीत सांगतो. ऑगस्टमध्ये बोटी पाण्यात उतरल्या की तो सगळ्या नेपाळी खलाशांची ओळखपत्रं मागून घेई आणि जाळ्यांच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवी. मे महिन्यात परत देई. म्हणजे हंगामाच्या मध्येच कुणी दुसऱ्याच्या बोटीवर जायला नको. ती पेटी साखळीने खांबाला बांधलेली असे.

गस्तीचे पोलीस जेटीवर तपासणीला येत. ओळखपत्र? खलाशी म्हणे, शेठकडे आहे. पोलीस काळूरामला फोन लावत. काळूराम म्हणे, "मना काय ठावं न्हाय, साहेब." मग त्या खलाशाला चौकीत नेत, प्रतिबंधात्मक कारवाई होई, वहीत नोंद पडे. संध्याकाळी काळूरामच जाऊन हमी देई आणि त्याला सोडवून आणी. परत येताना म्हणे, "मी हाय म्हणून सुटलास." खलाशी त्याचे आभार मानत. हे सगळं मी दारावरून पाहत होतो. तरी मी गप्प होतो. मी त्याचा भाऊ होतो ना!

माझं डोकं फिरलं ते मागच्या जुलैत. बोटींवरचं मासे शोधायचं यंत्र पावसाळ्यात खोलीत आणून ठेवतात. ते गेलं. नेलं काळूरामच्या मुलाने, दिपेशने. भर दुपारी त्याने माझ्यात खरी चावी घातली, मला रीतसर उघडलं, रीतसर लावलं आणि यंत्र थळला मित्राच्या बोटीसाठी देऊन टाकलं. दोन दिवसांत काळूरामला ते कळलं. बापलेकांचं भांडण माझ्यासमोरच झालं. पण तोवर तो गावभर सांगून बसला होता की, नेपाळ्याने तार घालून कुलूप उघडलं. ते त्याने मागे घेतलं नाही. पावसाळ्यात गावात नेपाळी एकच होता. संशयित म्हणून हर्कमानचं नाव लागलं.

आणि माझं? तारेने उघडणारं कुलूप म्हणून माझं नाव झालं. येणारी-जाणारी माणसं मला बोट लावून हसत. एकोणीस वर्षांत माझ्या अंगात एक तार शिरली नव्हती, मित्रांनो. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाचं वाईट करायचं. घाईने नाही. आम्हा कुलुपांना वाट पाहायची सवय असते.

ऑगस्टमध्ये काळूरामने दाराला नवं कुलूप आणलं आणि मला आतल्या पेटीला लावलं. तेवीस ओळखपत्रं माझ्या ताब्यात आली. मला तेल घालायचं तो विसरला. मी आठवण करून देणार नव्हतो. समुद्राची खारी हवा येत होती, ती मी आत घेत राहिलो. दर महिन्याला थोडा गंज, तोही मी तिसऱ्या पट्टीच्या बुडाशी जमवला.

जानेवारीत जेटीच्या नाक्यावर फ्लेक्स लागला: 'गेल्या वर्षी गावात पोलीस कारवाया ३२. त्यांपैकी नेपाळ्यांवर २१! आता तरी जागे व्हा!' खाली काळूरामचा फोटो. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तो ठराव मांडणार होता की, गावात कुणी नेपाळ्यांना खोली भाड्याने देऊ नये. त्यांनी बोटीवर किंवा मालकाच्या शेडमध्ये राहावं. आकडा खरा होता. लोक तो तोंडपाठ म्हणू लागले. आठ दिवसांत गावातल्या बायका हर्कमानची बायको दिसली की पिशवी काखेत घट्ट धरू लागल्या. ठराव झाला की हर्कमानला गोदूआजीची खोली सोडावी लागणार होती. बोटीवर बायकोमुलीला नेता येत नाही. मुलीची शाळा सुटणार होती.

तिच्याच शाळेत मैथिली बाई गणित शिकवतात. त्यांनी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी पोलीस पाटील विठोबांना एवढंच विचारलं, "त्या एकवीस कारवाया कशाकशाबद्दल आहेत, ते उद्या सगळ्यांना वाचून दाखवाल का?"

हे काळूरामच्या कानावर गेलं. सव्वीसला झेंडावंदन उरकून लोक मैदानात बसत होते, तेवढ्यात दिपेश खोलीत आला. हातात पिशवी. ओळखपत्रं काढून न्यायची होती. त्याने चावी घातली. सहा पट्ट्या उचलल्या गेल्या. तिसरी मी उचलू दिली नाही. त्याने जोर केला, मला शिवी दिली, पायाने पेटी दाबून पुन्हा फिरवली. मी धरून ठेवली. चावीचं पातं मोडून माझ्या पोटात राहिलं. त्याने हातोडी घेतली आणि एक घाव घातला. पत्र्याची पेटी अशी वाजली की मैदानातली माणसं वळून बघू लागली. दिपेश चावीचं नुसतं बूड घेऊन पळाला.

मैदान खोलीला लागूनच आहे. उघड्या खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

काळूरामने आकडा सांगितला. टाळ्या पडल्या. गोदूआजी काठी टेकत उभी राहिली.

"काळूराम, माझ्या वाडीतले नारळ चाळीस वर्षं चोरीला जातायत. तेव्हा नेपाळी कुठे होते रे? तेव्हा तर तूच होतास, अर्ध्या चड्डीत!"

लोक हसले. काळूराम म्हणाला, "आजी, चेष्टा नको. पोलिसांचा आकडा हाय."

"मग वाचू द्या की," मैथिली बाई म्हणाल्या. "पाटील, किती चोऱ्या?"

विठोबा पाटलांनी कागद उलगडला. "चोरीच्या पाच. चार आपल्याच पोरांवर. एक हर्कमानवर, निस्ता संशय."

"आणि नेपाळ्यांच्या बाकीच्या वीस?"

"एक मारामारी. एकोणीस..." पाटलांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "एकोणीस ओळखपत्र जवळ नसल्याबद्दल. माणसं तशी सातच. तीच तीच पुन्हा धरलेली. हर्कमानला तीन येळा."

"ह्यांच्याकडं कागदच न्हाईत, त्येच मी सांगतो!" काळूराम ओरडला.

हर्कमान उठला. "कागद हाय, शेठ. तुमचे पेटीत हाय."

"ए बहादूर, खाली बस!"

"माझा नाव हर्कमान. अकरा वर्सं झाली तुमचे बोटीवर."

गोदूआजीने पुढचं ऐकलंच नाही. ती चालू लागली होती. "भांडता काय? पेटी चार पावलांवर हाय. चला, बघू." आणि सगळी ग्रामसभा तिच्यामागून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

काळूराम म्हणाला, चावी हरवली. गोदूआजीने वाकून मला पाहिलं. "हरवली कुठे? ही काय अडकलीय." दिपेश कुठेच दिसत नव्हता.

पाटलांनी चौकीतून हवालदार नेत्राला बोलावलं. ती याच गावची मुलगी. हर्कमानने तिला तक्रार लिहून दिली: माझं ओळखपत्र माझ्या मर्जीविरुद्ध या पेटीत अडकवून ठेवलं आहे. तिने दोन पंच उभे केले. बोटी दुरुस्त करणारा वेल्डर सदा कटर घेऊन आला.

मित्रांनो, कटरने अंग कापलं जातं तेव्हा काय वाटतं, ते मी सांगणार नाही. मी काळूरामच्या तोंडाकडे पाहत होतो. तेवढं मला पुरलं.

पेटीत रबर लावलेला एक गठ्ठा होता. तेवीस ओळखपत्रं. मैथिली बाईंनी एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि एकेक खलाशी पुढे येऊन आपलं ओळखपत्र घेऊन गेला. हर्कमान. तुलमान. चित्रबीर. हर्कमान सोडला तर बाकीची नावं गावाने पहिल्यांदाच ऐकली. मागे कुणीतरी पुटपुटलं, "एकपण बहादूर न्हाय?"

मग मैथिली बाई काळूरामकडे वळल्या. "काका, हे तेच ना, जुलैत तारेने उघडलेलं कुलूप?"

"व्हय."

"तारेने उघडणारं कुलूप तुम्ही काढलंत, आणि एवढ्या जपून ठेवायच्या पेटीला लावलंत?"

काळूराम गर्दीत दिपेशला शोधू लागला.

सदाने मला उचललं, पाचर घालून माझं पोट उघडलं, अडकलेलं पातं काढलं आणि पट्ट्या उन्हात धरल्या. "तार? कोण म्हणलं तार? एक ओरखडा न्हाय. ह्ये कुलूप चावीबिगर कधी उघडलंच न्हाय. शेठ, चाव्या कुणाकडं असत्यात?"

"दोनच," विठोबा पाटील म्हणाले. "एक शेठकडं. एक दिपेशकडं."

त्या एका वाक्यासाठी मी सहा महिने गंज साठवला होता.

ठरावाला हात वर आले पाच. विरोधात किती आले ते मोजायची गरज पडली नाही. हर्कमान गोदूआजीच्या खोलीतच आहे. त्याची मुलगी पाचवीत जाईल. दिपेशने थळहून यंत्र आणून दिलं आणि हर्कमानवरचा संशय कागदोपत्री मिटला. खरं सांगायचं तर फ्लेक्स अजून तसाच आहे. परगावच्या रिक्षावाल्यांना अजून एकवीस हाच आकडा ठाऊक आहे. फ्लेक्स वाचायला एक क्षण लागतो, आणि पाटलांचा कागद ऐकायला माणसाला मैदानात बसावं लागतं. आपण आकडा घोकला होता, हे गावातलंही कुणी आज कबूल करत नाही. त्यांच्यावरही माझा राग आहे. पण त्यांच्या पेट्यांवर मी नाही.

मी आता चौकीच्या कपाटात आहे. कपाटाची काच फुटकी असल्यामुळे बाहेरचं दिसतं. काळूरामवर गुन्हा दाखल झाला आणि जामिनाच्या अटीप्रमाणे त्याला दर सोमवारी हजेरीची सही करायला यावं लागतं. पहिल्या सोमवारी तो आला, खुर्ची ओढून बसला आणि त्याने पेन मागितलं.

"काका, ओळखपत्र?" नेत्रा म्हणाली.

"अगं नेत्रा, तुझ्या बारशाला जेवलोय मी!"

"व्हय काका, आई सांगते. ओळखपत्र?"

त्याने शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे दोन्ही. "घरी ऱ्हायलं गो. तू मला वळखत न्हाईस?"

"ओळखते. पण ते जवळ नसलं की वहीत नोंद करावी लागते. तुम्हाला ठाऊकच आहे."

काळूराम उठला. उठताना त्याची नजर कपाटाकडे गेली आणि त्याने मला ओळखलं. मग तो ओळखपत्र आणायला बाहेर पडला. दुपारचा एक वाजला होता. त्याचं घर दोन किलोमीटरवर आहे आणि त्या रस्त्याला सावली नाही. तो परत येईपर्यंत मी दारावरची नजर काढली नाही.

मित्रांनो, इथे मी तुम्हाला क्षमा करायला शिकवावं, अशी तुमच्या वर्गातल्या बाईंची अपेक्षा असेल. ते मला जमत नाही. माझी विनंती वेगळी आहे. आज घरी गेल्यावर मोठ्यांना विचारा, आपल्या घरात दुसऱ्या कुणाचे कागद ठेवलेले आहेत का? भांडी घासणाऱ्या ताईंचे, वाडीतल्या गड्याचे, बोटीवरच्या खलाशाचे? असतील, तर आजच्या आज परत द्यायला लावा. घरातली सगळी कुलुपं आपल्याच बाजूची असतात, असं समजू नका.