व्यासपीठावरचं छत

पाळकीणबाईंनी चर्चच्या माडीवरच्या शेवटच्या बाकाखाली झाडू घातला आणि धाप लागली म्हणून तिथंच फरशीवर बसकण मारली. घरी पडून राहा, असं नवऱ्यानं बजावलं होतं. पण उद्या चर्च बघायला पाहुणे येणार आणि त्यांना जळमटांखाली उभं करून इतिहास सांगायचा म्हणजे शोभाच. डॉक्टर म्हणालेत साधा अशक्तपणा आहे, हेही नवऱ्यानंच सांगितलं होतं. अशक्तपणाला भिऊन अंथरूण धरणाऱ्यांतल्या बाई नव्हत्या.

चर्चचा इतिहास त्यांना तोंडपाठ. बांधणाऱ्यांनी भिंतींवर एक चित्र लावू दिलं नाही, मूर्तीचं तर नावच नको. खिडक्यांच्या काचासुद्धा साध्या. सगळी हौस फेडली ती एका व्यासपीठावर. ते मधोमध उंच उभं केलं आणि वर झाकणासारखं लाकडी छत टांगलं. छताखाली माणूस कुजबुजला तरी माडीच्या शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचलाच पाहिजे, हा हट्ट. "माडीवर गरीब बसायचे," बाई पाहुण्यांना सांगत, "खाली पुढच्या बाकांवर श्रीमंत डुलक्या काढायचे. म्हणून आवाजाची सोय वर." पाहुणे हसत.

खाली दार वाजलं. बाईंचे यजमान, चर्चचे पाळक, आत आले आणि कठड्याला धरून व्यासपीठ चढले. रविवारच्या उपदेशाची तयारी असेल, असं समजून बाई बाकाआड गुपचूप बसून राहिल्या. दिसल्या तर बोलणी खावी लागणार होती.

पाळकांनी कागद उघडला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग कागद तसाच ठेवून लाकडावर कपाळ टेकवलं. एरवी शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं, इतक्या हळू ते बोलले.

"देवबापा, तिला अजून सांगितलं नाही. जीभच रेटत नाही." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "आता औषधांचा उपयोग नाही म्हणतात डॉक्टर. पोरीचं बाळंतपण होईपर्यंत तरी राहू दे तिला. बाळ एकदा तिच्या मांडीवर येऊ दे. एवढंच."

लेकीला सातवा चालू होता. बाईंना आधी राग आला, इतके दिवस आपल्याला फसवलं म्हणून. मग भीती वाटली. मरणाची भीती इतकी साधी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घशाला नुसती कोरड पडली. हा माणूस हल्ली भांडी घासायचा, केर काढायचा, आणि म्हातारपणी सुचलं शहाणपण म्हणून आपण त्याला चिडवत होतो. खाली वाकलेलं ते टक्कल पाहून त्यांचं आतडं तुटलं.

मागच्या जिन्यानं परस्पर घरी जाता आलं असतं. बाई जिना उतरल्या, दाराशी थांबल्या आणि वळून बाकांमधून पुढे चालत आल्या.

पाळकांनी मान वर केली. बायकोच्या हातातला झाडू पाहिला. मग माडीकडे आणि डोक्यावरच्या छताकडे पाहिलं.

"तू घरी होतीस ना?"

"माडी झाडत होते."

ते उतरायला लागले, पण निम्म्यातच पायरीवर बसले. बाई त्यांच्या खालच्या पायरीवर टेकल्या. बाईंनी त्यांच्या बाहीवरची धूळ झटकली.

"अहो, मागायचंच होतं तर जरा तोंड उघडून मागायचं," बाई म्हणाल्या. "मांडीवर घेतलं की संपलं? त्याला चालताना नको बघायला मी?"

पाळकांनी हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"चालताना मागितलं होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तर त्याचं लग्नसुद्धा मागितलं होतं. मग एकेक रिपोर्ट येत गेला, तसतसं कमी करत आलो."