चांदीखाली मुकी झालेली चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. कागदोपत्री माझं नाव आरएफआयडी टॅग. पण पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या बियाण्याच्या गोदामात सगळ्या बाया मला चकतीच म्हणतात. दोन बोटांएवढी आहे म्हणून हलकी समजू नका. माझ्या पोटात मोहरीहून बारीक चिप आहे, तिला जोडलेली धातूची नागमोडी तार आहे. बॅटरी नाही. दारावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींतूनच मला बळ मिळतं आणि मी माझा नंबर सांगते. बारकोडसारखं प्रत्येकाला तोंड दाखवत बसायची मला गरज नाही. प्रत्येक क्रेटावर एक चकती; चाळीस क्रेटांचा गाडा दारातून गेला की आम्ही चाळीसजणी एका दमात हजेरी देतो. माझ्या बहिणी कापड गिरणीत, मोटारींच्या कारखान्यात, टोलनाक्यावर राबतात. रिकामटेकडी आमच्यात कुणी नाही.

मात्र रीडरची हाक पोचली नाही, तर मी मुकी.

जनकाबाई कांद्याचं बियाणं निवडायची. पाच वर्षं माझा क्रेट तिच्याच हाताखाली. माझ्यावर धूळ बसली की पदराने पुसायची. गेल्या खंडेनवमीला गोदामात यंत्रांची पूजा झाली. तिने मला कुंकू लावलं, आणि तिच्या नातीने जपलेली चॉकलेटवरची चांदी माझ्या अंगभर चिकटवली. "नट माय आज," म्हणाली, "सालभर राबतं तू." मीही फुगले. कसलं आलंय शहाणपण!

दसऱ्याची सुट्टी संपली आणि गाडा थंड खोलीच्या दारातून आत गेला. रीडरने हाक दिली. ती चांदीवर आपटून माघारी गेली. धातूतून रेडिओलहरी आत येत नाहीत. कॉम्प्युटरवर एकोणचाळीसच नंबर उमटले.

सुपरवायझर कुलदीप सगळ्या बायांसमोर म्हणाला, "मावशी, मशीन खोटं बोलत नाही. क्रेट कुठं नेला?"

"मशीनचं खरं, अन् माह्यं खोटं? आत जाऊन पाह्य ना बे! पाय मोडले काय तुह्ये?"

तो आत गेला नाही. "उद्यापासून येऊ नका," म्हणाला.

तीन दिवस मी थंड खोलीत, तिसऱ्या रांगेत पडून होते. ओरडावंसं वाटे, पण हाकेवाचून ओरडायची सोयच माझ्यात नाही. चौथ्या दिवशी हमाल रंगराव बोट लावून क्रेट मोजू लागला.

"अबे कुलदीप, हा काय इथंच बसून राह्यला तुह्या चोरीचा माल!"

कुलदीपने चांदी खरवडली, हातात धरायचा छोटा रीडर माझ्यापुढे धरला. टुं!

कुलदीप जनकाबाईला बोलवायला तिच्या घरी गेला. रंगराव नंतर सांगत होता, ती जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, "ज्या बायांपुढं मले चोर म्हटलं, त्याच बायांपुढं चूक सांग. मंग येईन."

त्याने सांगितली. ती आली.

मित्रांनो, आम्हाला पाण्यापासून, धातूपासून जपा. पण माझं गप्प राहणं म्हणजे कुणाची चोरी नव्हे. कुणावर बोट रोखण्याआधी चार पावलं चाला, आपल्या डोळ्यांनी बघा. डोळ्यांना काही बॅटरी लागत नाही.

यंदाही खंडेनवमी झाली. जनकाबाईने वजनकाट्याला कुंकू लावलं, चाळणीला लावलं, गाड्यालाही लावलं. माझ्यापाशी आली, बोट पुढे केलं, माझ्या अंगावरचे चांदीचे ओरखडे पाहून थांबली. आणि ते कुंकू आपल्याच पदराला पुसून निघून गेली.