गौराक्का आणि आडावरची सुई

गौराक्का बोलू लागली की कोरड्या आडात घागर आपटल्यासारखा आवाज उमटे, आणि कपाळावरचे विभूतीचे पट्टे भुवयांबरोबर वरखाली होत. ती माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. विधवा होऊन चाकूरजवळच्या आमच्या गावी परतलेली. लातूर जिल्हा नवा झाला होता आणि त्या नवेपणाची झळाळी आमच्यापर्यंत पोचली ती पाण्याच्या टँकरच्या आणि लसवाल्या जीपच्या रूपानं. आकाश मात्र जुनंच होतं, निरभ्र आणि निष्ठुर.

त्या दुष्काळी चैत्रात नर्सबाई लस टोचायला चावडीत बसल्या. गावानं आपापले कुलदीपक काजळाची तीट लावून तिथं नेले. टँकर आडात रिकामा होणार म्हणून मुली मात्र घागरी घेऊन रांगेत. मी घागर उचलली, अण्णांनी धाकट्या भावाला कडेवर घेतलं.

"अन् शकूला?" आक्कानं माझ्याकडं बोट करत विचारलं.

"पोरीची जात काटक असती, आक्का. नंबर गेला तर पाणी कोण आणंल?"

 आक्काची एकुलती लेक अशीच काटक म्हणून लसीवाचून राहिली होती आणि घटसर्पानं गेली होती.

आक्का तडक चावडीत गेली. पोरांचं उरकताच तिनं लसीची बर्फाची पेटी डोक्यावर घेतली आणि ग्रामदेवतेची पालखी निघावी तशा डौलात आडाकडे चालू लागली. मागून छत्री सावरत नर्सबाई, "अहो बाई, सरकारी पेटी आहे ती," म्हणत धावत होत्या.

सुई पाहून आमचे चेहरे उतरले. पण पळालं की नंबर जाणार. एक हात घागरीवर, दुसरा नर्सबाईंपुढं, अशा आम्ही रडत रडत पुढं सरकलो.

अण्णा धापा टाकत आले. "आक्का, समद्या पोरींला ताप आला तर पाणी कोण आणंल?"

"तू हायस की."

संध्याकाळी आम्ही सुजलेले दंड धरून कण्हत पडलो, आणि आडावर प्रथमच पुरुषांची रांग लागली. अण्णांच्या घागरीतलं अर्धं पाणी धोतरानंच पिऊन टाकलं. आक्का उंबऱ्यात बसून अण्णांना कौतुकानं म्हणाली, "हळू रं शिवाप्पा. काटक हायस तू."

लसीच्या पुढच्या खेपेला अण्णांनी स्वतःहून मला चावडीत नेलं. अर्थात, पाणी भरून झाल्यावर.

आता आक्का नाही. आमच्यातल्या कुणालाच घटसर्प झाला नाही, आणि न झालेल्या आजाराची आठवण कुणी जपत नाही. काळ माणसाला नेतो तो त्या माणसानं टाळलेल्या दुःखांसकट, आणि मागं उरतं आमचं निर्धास्त, कृतघ्न, सुखाचं विसरणं.